भांडण मिटवायची उमेदवारी

मुलांनो, तुमच्या वर्गात कधी काही हरवलंय का? पेन, खोडरबर, डबा, कंपासपेटी? हरवल्यावर पुढे काय होतं ते आठवा बरं. "कुणी घेतली?" असा प्रश्न येतो आणि पाच-दहा माना एकाच मुलाकडे वळतात. कुणीही काही पाहिलेलं नसतं. तरीही माना वळतातच!

माझ्याही वर्गात एकदा असंच झालं. मी चौथीला शिकवते. आमच्या गावाबाहेर वीटभट्ट्या आहेत. दिवाळी झाली की तिथे कामासाठी बाहेरगावची कुटुंबं येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत जातात. त्यांची मुलं आमच्या शाळेत येऊन बसतात. त्या वर्षी असाच एक मुलगा माझ्या वर्गात आला होता. स्वभावाने अबोल, पण गणितात पक्का. जानेवारीतली गोष्ट. मधल्या सुट्टीनंतर एका मुलीची नवी कोरी कंपासपेटी सापडेना. लगेच माना वळल्या. "बाई, तो भट्टीवरचा एकटाच वर्गात होता!"

आता खरं ते सांगते. मी शिक्षिका आहे. पण त्या दिवशी मीही दुसरं काही विचारलं नाही. सगळ्यांसमोर आधी त्याचंच दप्तर उघडलं. आत दोन वह्या, पेन्सिलीचा एक तुकडा आणि फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी होती. कंपासपेटी नव्हती. दुसऱ्या दिवशी वर्ग झाडताना ती कपाटामागे सापडली. पण तो मुलगा त्या दिवशी शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग संध्याकाळी मी भट्टीवर गेले. त्याची आई रागावली नाही. विटा रचता रचता एवढंच म्हणाली, "बाई, सगळीकडं पहिलं आमचंच दप्तर उघडत्यात."

त्या रात्री मला झोप लागली नाही. माणूस नीट ठाऊक नसताना आपण त्याच्याबद्दल मत बनवून मोकळे होतो. हे थांबवायचं काम कुणी करतं का? चोरी झाली तर पोलीस आहेत, तंटा वाढला तर कोर्ट आहे. पण त्याच्या आधी? याबद्दल मिळेल ते वाचायला लागले, तेव्हा एका कचेरीची माहिती हाती लागली. कचेरी आहे सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेत. आणि गंमत म्हणजे अशा कचेऱ्यांत शिकणारी मुलंही काम करतात. तिची ओळख आज तुम्हाला करून देते.

ढगळ कोटामुळे झालेली दंगल

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लॉस एंजेलिस आहे. सिनेमांचं हॉलिवूड आहे ना, तेच शहर. हे शहर ज्या 'काऊंटी'त येतं, तिला आपण जिल्हा म्हणू. या एका जिल्ह्यात ८८ छोटीमोठी शहरं आहेत आणि सुमारे १ कोटी माणसं राहतात. मेक्सिकोतून आलेली, चीन-कोरियातून आलेली, आफ्रिकी वंशाची, गोरी, आणि आपल्याकडचीही. तिथल्या आर्टेशिया नावाच्या गावात एका रस्त्याला 'लिटल इंडिया' म्हणतात. साड्या, मिठाया, सोन्याची दुकानं, सगळं तिथे मिळतं.

इतक्या तऱ्हेची माणसं एकत्र राहिली की भांड्याला भांडं लागणारच. पण १९४३ साली तिथे जे झालं, ते नुसतं भांड्याला भांडं लागणं नव्हतं.

दुसरं महायुद्ध चालू होतं. कापड कमी पडत होतं, म्हणून कपड्यांवर सरकारी बंधनं होती. त्याच काळात तरुण पोरांत एका कपड्याची टूम निघाली होती. खांद्याला रुंद, गुडघ्यापर्यंत लोंबणारा कोट आणि वर ढगळ, घोट्याशी अरुंद पँट. याला म्हणायचे 'झूट सूट'. मेक्सिकन घरांतली बरीच मुलं तो घालत. गोऱ्या लोकांपैकी अनेकांना वाटे, ही पोरं उनाड आहेत, देशाची यांना पर्वा नाही. वर्तमानपत्रंही तसंच छापत होती. म्हणजे माना आधीच वळल्या होत्या!

जून महिन्यात शहरात आलेले खलाशी आणि सैनिक टोळ्या करून रस्त्यावर उतरले. सिनेमागृहांतून, ट्राममधून पोरांना ओढून काढलं, मारलं, त्यांचे कोट फाडले. मार खाणाऱ्यांत बारा-तेरा वर्षांची मुलंही होती. आणि नवल ऐका, पोलिसांनी पकडलं ते बहुतेक करून मार खाणाऱ्यांनाच! कित्येक दिवस हे चाललं. शेवटी नौदलाने खलाशांना शहरात यायला मनाई केली, तेव्हा ते थांबलं. नंतर राज्यपालांनी नेमलेल्या समितीने सांगितलं की या दंगलीमागे वंशद्वेष हे एक मोठं कारण होतं.

मग तिथल्या शहाण्या माणसांनी विचार केला. घर जळायला लागल्यावर बंब बोलावतातच. पण ठिणगी कुठे पडते आहे, हे पाहणारं कुणी नको का? म्हणून १९४४ साली काऊंटीने निरनिराळ्या समाजांत सलोखा राखण्यासाठी एक समिती नेमली. १९५८ साली कायदा करून तिची कायमची सरकारी कचेरी झाली. तिचं नाव 'कमिशन ऑन ह्यूमन रिलेशन्स', म्हणजे मानवी संबंध आयोग. अमेरिकेतल्या अशा प्रकारच्या सर्वांत जुन्या कचेऱ्यांपैकी ती एक आहे. फिलाडेल्फिया शहरातही १९५१ पासून असा आयोग आहे. सॅन फ्रान्सिस्कोत १९६४ पासून आहे. आपल्याकडे जशी नळपट्टी, घरपट्टीची खाती असतात, तसं हे माणसामाणसांतल्या संबंधांचं खातं!

"मग तिथे पुन्हा दंगल झाली नाही का?" असं तुम्ही विचाराल. झाली. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात १९६५ साली दंगल झाली आणि ३४ माणसं गेली. १९९२ साली पुन्हा शहर पेटलं आणि ६० हून अधिक माणसं गेली. एक कचेरी उघडली म्हणून मनातला राग एकदम जात नाही. पेव्हरब्लॉक बसवले की रस्ता झाला, तसं हे काम नाही. हे शेतातल्या खुरपणीसारखं आहे. तण दरवर्षी उगवतं आणि दरवर्षी काढावं लागतं.

नोंदवहीची ताकद

ही कचेरी करते तरी काय? तिचं एक मोठं काम ऐकून तुम्हाला वाटेल, 'एवढंच?' ती लिहून ठेवते.

१९८० पासून तिथे दरवर्षी एक अहवाल निघतो. काऊंटीत 'द्वेषगुन्हे' किती झाले, कुठे झाले, कुणावर झाले, हे त्यात असतं. द्वेषगुन्हा म्हणजे काय? समजा, एकाने दुसऱ्याच्या दुकानाची काच फोडली. हा झाला गुन्हा. पण तो दुकानदार अमुक धर्माचा किंवा अमुक रंगाचा आहे म्हणून काच फोडली असेल, तर तो द्वेषगुन्हा. कारण अशी काच एका दुकानाची फुटते, पण घाबरते सगळी वस्ती. नुसतं टोचून बोलणं अमेरिकेत बहुतेक वेळा गुन्हा ठरत नाही. तरी त्याचीही माहिती ही कचेरी घेते, कारण ठिणगी बहुधा तिथूनच पडते.

आपल्या लोकांनाही याची झळ लागलेली आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवर अतिरेकी हल्ले झाले. त्यानंतर अमेरिकेत ठिकठिकाणी शीख माणसांवर हल्ले झाले. का, तर त्यांचा फेटा आणि दाढी पाहून लोकांनी भलताच अर्थ काढला! अॅरिझोना राज्यात पेट्रोल पंप चालवणाऱ्या बलबीरसिंग सोढी यांचा तर चारच दिवसांत खून झाला. त्यांचा त्या हल्ल्यांशी काडीचाही संबंध नव्हता.

आता एक कोडं घालते. २०२२ साली लॉस एंजेलिस काऊंटीत सुमारे ९३० द्वेषगुन्ह्यांची नोंद झाली. २०२३ साली हा आकडा १,३५० वर गेला. अहवाल सुरू झाल्यापासून तोवरचा तो सर्वांत मोठा आकडा. मग त्या वर्षात लोक वाईट झाले असं समजायचं का?

उत्तर घाईने देऊ नका. द्वेष वाढला असेल हे खरंच. पण दुसरीही एक बाजू आहे. पूर्वी कित्येक जण मार खाऊन गप्प बसायचे. 'सांगून काय उपयोग?' असं त्यांना वाटायचं. २०१९ पासून काऊंटीने एक मोहीम चालवली आहे. २११ हा नंबर फिरवला की आपलं गाऱ्हाणं सांगता येतं आणि मदतही मिळते. सांगणारे वाढले, तर नोंदीही वाढतात. म्हणून नुसता आकडा पाहून चालत नाही, आकड्यामागचं कारण शोधावं लागतं. माझ्या वर्गातल्या त्या मुलाचं दप्तर याआधी किती शाळांत उघडलं गेलं असेल? त्याची नोंद कुठेच नाही!

उमेदवार मुलं काय करतात?

आपल्याकडे पूर्वी सुताराकडे, शिंप्याकडे, छापखान्यात मुलं 'उमेदवारी' करायची. आधी झाडलोट, मग हत्यारं ओळखायची, मग हळूहळू काम हाती यायचं. हल्ली याला 'इंटर्नशिप' म्हणतात. इंजिनियर, डॉक्टर, वकील होणारी मुलं ती करतात हे तुम्हाला ठाऊक असेल. पण माणसांतली भांडणं मिटवायचीही उमेदवारी असते, बरं का!

अमेरिकेतल्या मानवी संबंध आयोगांत मुख्यतः कॉलेजचे विद्यार्थी इंटर्न म्हणून येतात. सुट्टीतले काही आठवडे किंवा एखादं सत्र ते काम करतात. कुठे थोडा पगार मिळतो, कुठे कॉलेजात गुण मिळतात, कुठे नुसता अनुभव. पहिल्याच दिवशी त्यांना कुणी दंगल थांबवायला पाठवत नाही! कागद लावणं, सभेच्या खुर्च्या मांडणं, झेरॉक्स काढणं, हेही आलंच. पण खरी शिकवणी तीन गोष्टींची.

पहिली गोष्ट, ऐकणं. कुणी तक्रार घेऊन आलं की 'असं नसेल हो' म्हणायचं नाही आणि 'अरेरे, तो माणूसच वाईट' असंही म्हणायचं नाही. विचारायचं, काय झालं? कधी? कुठे? तुम्ही स्वतः पाहिलंत की कुणी सांगितलं? आणखी कोण होतं? मग दुसऱ्या बाजूलाही हेच प्रश्न, त्याच सुरात. हे दिसतं तितकं सोपं नाही. घरी भावाबहिणीचं भांडण झालं की करून पाहा!

दुसरी गोष्ट, जसंच्या तसं लिहिणं. तक्रारदार म्हणाला, 'त्याने मला ढकललं', तर 'त्याने मारलं' असं लिहायचं नाही. पोलिसांकडून आलेले कागद वाचून त्यातून जागा, दिवस, प्रकार वेगळे करायचे आणि तक्त्यात भरायचे. काम कंटाळवाणं असतं. पण तक्त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक जिवंत माणूस. एक ओळ चुकली, तर एका माणसाचं दुःख चुकीच्या रकान्यात पडतं.

तिसरी गोष्ट, पोटात ठेवणं. कुणाचं नाव काय, तो कुठे राहतो, हे बाहेर बोलायचं नाही. आईला नाही आणि जिवलग मैत्रिणीलाही नाही.

आणखी एक युक्ती सांगते. अमेरिकेत १९६८ पासून देशभर कायदा आहे की वर्ण किंवा धर्म पाहून कुणाला घर नाकारायचं नाही. पण घरमालक तोंडावर थोडंच सांगतो? तो म्हणतो, 'खोली कालच गेली हो!' मग खरं-खोटं कसं करायचं? तपासणारे दोन माणसं पाठवतात. पगार सारखा, कुटुंब सारखं, फक्त वर्ण वेगळा. एकाला 'खोली गेली' म्हणतात आणि तासाभराने दुसऱ्याला तीच खोली दाखवतात. दोघांनी काय पाहिलं, काय ऐकलं, ते वेगवेगळं लिहून द्यायचं. कागद शेजारी शेजारी ठेवले की लबाडी उघडी पडते. तुम्ही विज्ञानात प्रयोग करता, त्यात एकच गोष्ट बदलता आणि बाकीच्या तशाच ठेवता. हा तोच प्रयोग! आपल्या शहरांतही आधी 'आडनाव काय तुमचं?' विचारून मग खोली द्यायची की नाही ते ठरवणारे लोक आहेत. मोठ्यांना विचारून पाहा, एखादी तरी आठवण निघेल.

आपल्याकडे आहे का असं काही?

आहे तर! ठाणे जिल्ह्यातली भिवंडी तुम्ही ऐकली असेल, यंत्रमागांचं गाव. तिथे १९७० आणि १९८४ साली हिंदू-मुसलमानांच्या मोठ्या दंगली झाल्या. १९८८ साली तिथे सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी आले. त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात कमिट्या स्थापन केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि त्या भागाचे पोलीस यांनी नियमित एकत्र बसायचं आणि नळाचं भांडण असो की गल्लीतली कुरबूर, तिथेच बोलून मिटवायची. मिटिंगला येता-येता माणसं एकमेकांना नावाने ओळखू लागली. पुढे डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई दंगलीत होरपळत होती. तेव्हा भिवंडी मात्र शांत राहिली. नंतर मुंबईतही मोहल्ला कमिट्या सुरू झाल्या.

खेड्यांसाठी १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रात 'महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम' सुरू झाली. गावाने समिती नेमायची, तंटे सामोपचाराने मिटवायचे आणि हो, त्यांची नोंदही ठेवायची. तुमच्या गावाच्या वेशीवर 'तंटामुक्त गाव' अशी पाटी असेल तर विचारा बरं, समितीत कोण होतं? कुठला तंटा मिटवला? आजोबा रंगात येऊन सांगतील!

तुम्हीही उमेदवार व्हा

कॉलेजात जाईपर्यंत थांबायला नको. फेब्रुवारीत आम्ही वर्गात एक वही सुरू केली. तीन रकाने आखले. पहिल्यात 'काय झालं?' दुसऱ्यात 'मी पाहिलं की मी ऐकलं?' आणि तिसऱ्यात 'आता काय केलं तर बरं?' वर्गात भांडण झालं किंवा काही हरवलं की आधी वही आणायची, मग बोलायचं. दर आठवड्याला दोन मुलं उमेदवार. त्यांनी दोन्ही बाजू ऐकायच्या. पहिल्या आठवड्यात नुसता गोंधळ झाला. पण हळूहळू एक गंमत दिसली. 'मी पाहिलं' लिहायची वेळ आली की कित्येक जण गप्प व्हायचे. निम्मी भांडणं दुसऱ्या रकान्यातच संपायची!

पालकहो, दोन शब्द तुमच्याशीही. मुलं शिव्या जशी आपल्याकडून उचलतात, तशा वळलेल्या मानाही आपल्याकडूनच उचलतात. 'त्या लोकांत जाऊ नकोस', 'ते तसलेच असतात' ही वाक्यं शाळेच्या पुस्तकात नसतात, ती जेवताना ताटावर ऐकू येतात. घरातही असा दुसरा रकाना ठेवता आला तर पाहा. 'आपण हे पाहिलं आहे, की नुसतं ऐकलं आहे?' एवढंच स्वतःला विचारायचं.

आता त्या मुलाचं पुढे काय झालं, ते राहिलंच. मी भट्टीवर गेले तेव्हाच त्याची माफी मागितली होती. पण दप्तर सगळ्यांसमोर उघडलं होतं, तेव्हा माफीही सगळ्यांसमोर मागायला हवी होती. चौथ्या दिवशी तो आला. परिपाठात मी उभी राहिले आणि सांगितलं, "चूक माझी झाली. मी न विचारता याचं दप्तर उघडलं." मुलं चिडीचूप झाली. बाई चुकतात आणि तसं सांगतातही, हे त्यांना नवीन असावं. तो मान खाली घालून बसला होता. लगेच हसला-खेळला असं काही झालं नाही. पुष्कळ दिवस तो आपलं दप्तर मांडीवर घेऊनच बसायचा.

मार्चमध्ये एकाची पाण्याची बाटली हरवली. या वेळी माना दुसऱ्याच एका मुलाकडे वळल्या. तेव्हा हा उठला, कोपऱ्यातली वही घेऊन आला आणि आपणच पहिली ओळ लिहिली. पहिल्या रकान्यात, 'बाटली हरवली.' दुसऱ्यात, 'मी पाहिलं नाही.' वही त्याने शेजारच्याकडे सरकवली. मग ती बाकाबाकावर फिरली. तेहतीस मुलांनी तेच लिहिलं.

बाटली नळाजवळ सापडली. पावसाआधी तो मुलगा गावी गेला. वही मात्र अजून माझ्या कपाटात आहे.

मग मुलांनो, तुमच्या वर्गात कधी आखताय तीन रकाने? आखलेत की पहिल्या आठवड्यात काय झालं ते आम्हाला लिहून कळवा. आणि हो, जे पाहिलं तेच लिहा हं!